नमुना धरून तीनशे

पैज लागली ती मिशीवर. आणि मिशी तरी कशी? गल्लीत कुणी नवखा पत्ता विचारत आला की लोक सांगायचे, "सरळ जा. माणसाच्या आधी मिशी दिसली की थांब. तेच टोपलीवाल्याचं घर."

दिवस मावळायला आला होता. समोरच्या न्हाव्यानं दुकानाची फळी लावली आणि टॉवेल खांद्यावर टाकून तो टोपलीवाल्याच्या पायरीवर येऊन बसला. दोघं लहानपणापासूनचे. एकमेकांची टर उडवल्याशिवाय दोघांनाही जेवण जात नसे.

"एक सांगू का गड्या," न्हावी म्हणाला, "तुझ्या टोपलीत आणि वहिनीच्या टोपलीत फरक आहे."

"कसला फरक?"

"ते नाही मला सांगता येणार. पण आहे."

"सांगता येत नाही आणि आहे! हे म्हणजे तुझ्या वस्तऱ्याच्या धारेसारखं झालं."

आत बांबू भिजत घालत असलेली टोपलीवाल्याची बायको फिसकन हसली. टोपलीवाल्याला तेवढंच हवं होतं. तो सरसावून बसला. "अरे, बांबू एक, कोयता एक, आणि शिकवणारा सासरा एक. आम्हा दोघांना त्यानं एकाच अंगणात बसवून वीण शिकवली. डोळे बांधून हात लावला तर माझी कुठली आणि हिची कुठली, कुणाच्या बापाला कळायचं नाही. मलासुद्धा नाही कळणार!"

"तुला कळेल."

"नाही कळणार."

"पंचवीस वर्षं एका घरात काढलीस. तुला डोळे बांधून बायकोची टोपली ओळखता येईल. लाव पैज."

"लाव! मी ओळखली तर माझी अर्धी मिशी तुझी. भर बाजारात, तुझ्या खुर्चीत. आणि वर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून येईन. नाही ओळखली तर?"

"तर मी चकोट करीन आणि तुझी टोपली डोक्यावर घालून नाचेन." न्हाव्याला मग आठवलं. "पण लेका, तू ओळखून गप्प बसलास तर? तुझ्या मनातलं मला काय दिसणार?"

"त्याची काळजी नको भावजी," बायको हात पुसत दारात आली. "खोटं बोलताना ह्यांचा हात कानाला जातो. मला बघायला आले तेव्हा म्हणाले, मला स्वयंपाक येतो. तेव्हापासून तो कान मी बघतेय."

टोपलीवाल्याचा हात तेवढ्यात खरंच कानाशी गेला होता. तो त्यानं लगेच खाली घेतला. न्हावी लोळायचा बाकी राहिला.

"पण पैज भलतीच आहे हं," बायको म्हणाली. "हे हरले तर मला ओळखलं, आणि जिंकले तर नाही ओळखलं. मी आता कुणाच्या बाजूनं बसू?"

न्हाव्यानं डोळे बांधायला खांद्यावरचा टॉवेल काढला.

"बरं, आत्ताच होऊन जाऊ दे," न्हावी म्हणाला.

"आत्ता काही नाही. उद्या अंजीरवाले यायचेत. काम मिळालं तर हातावेगळं झाल्यावर करा काय तमाशा करायचा तो."

अंजीरवाले दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं मोजकं. ओट्यावर सहा टोपल्या मांडल्या होत्या. त्यांनी एकेक उचलली, बुडाशी दाबली, काठ ओढून बघितला. मग एक टोपली तोंडाशी नेली आणि आतल्या बाजूनं चक्क गालावर घासली. लेकीला हसू आवरेना, ती आत पळाली.

"ही," ते म्हणाले. "अशा तीनशे हव्यात. कुणी विणलीय?"

ती बायकोची होती. टोपलीवाल्यानं तिच्याकडं बघून डोळा मारला. "घरची आहे."

"पहिलं शंभर दहा दिवसांत. उरलेल्या बहर भरात आल्यावर. अंजिराची साल म्हणजे ओला कागद. टोपली बरोबर नमुन्यासारखी पाहिजे."

कागद लिहायला शेजारच्या कलमकाकांना बोलावलं. काकांनी चाळीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेली. निवृत्त होऊनही कोर्ट अंगातून गेलेलं नव्हतं. घरी मीठ जास्त झालं तरी त्यांना कलम आठवायचं. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि बोलत बोलत लिहिलं, "माल नमुन्याबरहुकूम असावा. घेणाऱ्याला ताडून बघायला सवड असावी. नमुना धरून एकूण नग तीनशे."

"नमुना धरून का?" अंजीरवाल्यांनी विचारलं.

"कारण नमुना हा पण माल. व्यवहार पुरा झाला की तीही टोपली तुमची. मोडला, तर ज्याची त्याला."

नमुन्याच्या काठाला सुतळी बांधली. गाठीवर लाख वितळवून काकांनी जुन्या पितळी शिक्क्यानं ठसा उठवला. बायको लांबून बघत होती. अंजीरवाले टोपली घेऊन गेल्यावर म्हणाली, "एवढी वर्षं विणतेय. पहिल्यांदाच कुणी माझ्या हाताला शिक्का मारला."

"घरची म्हणून दिलीय," टोपलीवाला म्हणाला. "उगाच फुगू नकोस."

"फुगू दे की. माझं काय मिशीवर जातंय?"

मग काम सुरू झालं. पहाटे बांबू चिरायचा. कोयता शेंड्याला लावून वरून ठोकळ्यानं हाणला की बांबू कडकड उलत खालपर्यंत जातो. त्याच्या कामट्या काढायच्या, त्या सोलून कागदासारख्या पातळ करायच्या, भिजवायच्या, आणि मग मांडी घालून विणायला बसायचं ते पायाला मुंग्या येऊन पाय आपला आहे की शेजाऱ्याचा हे कळेनासं होईपर्यंत. बूड पायाच्या अंगठ्यानं दाबून धरायचं. पाच-सहा टोपल्या झाल्या की कंबर वेगळीच काढून ठेवावीशी वाटते. नवरा-बायको अख्खी टोपली विणायचे, लेक काठ बांधायची.

ऊन कलल्यावर टोपलीवाला हात झटकून समोर न्हाव्याकडं जायचा. तो गेला की बायको त्याच्या दिवसभराच्या टोपल्या ओढून घ्यायची. एकेक मांडीवर घेऊन आतून अंगठा फिरवायची, बुडापासून काठापर्यंत, गोल गोल, सावकाश.

"काय गं," एकदा तो परत येताना म्हणाला, "पोर न्हाऊ घालतेस का?"

"भुसा झटकते."

"माझ्याच टोपल्यांना बरा भुसा लागतो!"

"मिशीतला पडत असेल."

तो हसला आणि विसरून गेला. लग्नापासून ती हेच करत आली होती. घरात रोज दिसणारी गोष्ट माणूस कुठं बघत बसतो?

पहिलं शंभर वेळेत गेलं. अंजीरवाल्यांनी पैसे दिले, वर निरोप धाडला की माल झकास आहे, उरलेला असाच येऊ द्या. त्याच आठवड्यात बायकोच्या उजव्या अंगठ्यात बांबूची सळ गेली.

"कशानं गं?"

"कामटी सोलताना."

तिनं सुईनं कोरून काढली, चिंधी बांधली आणि परत बसली. दुसऱ्या दिवशी अंगठा सुजला. तिसऱ्या दिवशी तिला कामटी धरवेना, मग ती डाव्या हातानं बांबू भिजवायला लागली. लेक म्हणाली, "आई, दवाखान्यात जाऊ."

"एवढ्याशा कुसळाला दवाखाना? डॉक्टर हसेल. माल जाऊ दे, मग बघू."

चौथ्या दिवशी अंगठ्यापासून कोपरापर्यंत लाल रेघ चढली आणि तिला हुडहुडी भरली. न्हाव्यानं गाडी आणली. डॉक्टर हसला नाही. त्यानं हात उलटसुलट करून बघितला आणि टोपलीवाल्याला बाहेर नेऊन विचारलं, "दोन दिवस आधी का नाही आणलंत?"

टोपलीवाला त्याच्या बुटांकडं बघत राहिला.

तिला शुद्ध होती-नव्हती अशी. शेवटच्या संध्याकाळी तिनं डोळे उघडले. तो उशाशी बसला होता.

"किती झाल्या?"

"होतायत. तू पड."

"पैज... मी नसताना नका लावू हं. मला बघायचीय मिशी."

"बरी हो. दोन्ही बाजू काढून देतो."

ती गालातल्या गालात हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी, नर्स चादर बदलायला आली तेव्हा, ती गेलेली होती.

गल्ली चार दिवस घरात होती. पाचव्या दिवशी घर रिकामं झालं, आणि ओट्यावर भिजत घातलेल्या कामट्यांना वास यायला लागला. टोपलीवाल्यानं त्या उपसल्या, नवा बांबू ओढला आणि कोयता लावला.

"बाबा, थांबू या का थोडे दिवस?" लेक म्हणाली.

"अंजीर थांबेल का?"

लेक काठ सोडून विणायला बसली. तिची वीण ढिली पडायची, तो उसवून परत घालून द्यायचा. बायकोचा कोयता खुंटीला तसाच होता. त्याला कुणी हात लावला नाही. दिवसातून एकदा तरी तो मान न वळवता म्हणायचा, "पाणी दे गं," आणि आपण कुणाला म्हणालो ते त्याला उशिरा कळायचं. लेक उठून पाणी द्यायची. ऊन कललं तरी तो समोर जात नसे. न्हावीच येऊन बसायचा, बांबू धरायचा, आणि काही बोलायचा नाही. बडबड्या माणसानं गप्प बसणं म्हणजे काय कष्ट असतात, ते त्याच्या तोंडावर दिसायचं.

ठरलेल्या तारखेच्या एक दिवस आधी माल गेला. पहिल्या शंभरात नमुना धरला होता, आता दोनशे. टोपलीवाल्यानं गाडीवर स्वतः रचून दिल्या. "बघ," तो लेकीला म्हणाला, "तुझ्या आईचा शब्द राहिला."

त्यानंतर अठरा दिवस ना निरोप, ना पैसे. येत्या हंगामाचा बांबू ह्याच पैशांतून उचलायचा होता. बांबूवाला दोनदा विचारून गेला. एकोणिसाव्या दिवशी टोपलीवाला स्वच्छ सदरा घालून अंजीरवाल्यांच्या गोदामात गेला.

दहा-बारा बाया फळं निवडत होत्या. त्याला काट्याजवळ उभं केलं. अर्धा तास झाला, तरी कुणी बस म्हणालं नाही. एक बाई दुसरीला कोपरानं ढोसून म्हणाली, "मिशी बघ, झाडू आहे नुसता," आणि दोघी खुदुखुदु हसल्या. एरवी त्यानं दोन शब्द सुनावले असते.

अंजीरवाले आले. त्यांनी एक टोपली उचलून त्याच्यासमोर फळीवर पालथी केली. अंजिरं घरंगळली. प्रत्येकाच्या अंगावर एक-दोन काळे ठिपके, ठिपक्यातून पाझरलेला चिकट रस. माशा लगेच घोंगावल्या.

"तीस टोपल्या शहरात पाठवल्या. तीसच्या तीस परत. एक फळ टोचलं की शेजारच्या चारांना पाणी सुटतं. हा तुमचा माल. घेऊन जा."

"माल तोच आहे. वीण तीच, बांबू तोच."

"नमुन्यासारखा नाही."

"पहिल्या शंभरात अर्ध्या माझ्याच हातच्या होत्या! त्या कशा नाही टोचल्या?"

"त्या चांगल्या होत्या, म्हणून तर ह्यांचं वाईट वाटलं." अंजीरवाले खरंच बुचकळ्यात पडले होते.

टोपलीवाल्यानं वर बघितलं. आढ्याला सुतळीनं नमुना टांगला होता. लाखेचा लाल ठिपका तसाच. घरात तिच्या हातची एकही टोपली उरली नव्हती. विकणाऱ्याच्या घरात माल उरतो कुठं?

"ती... ती तेवढी द्याल का? बदल्यात दुसरी देतो. दोन देतो."

"तोच तर पुरावा आहे, दादा. तो कसा सोडू? तुम्हाला पटत नसेल तर बाजाराच्या पंचांपुढं मांडा."

बाया आता हसत नव्हत्या. तेच जास्त लागलं.

कलमकाकांनी सगळं ऐकून मांडीवर थाप मारली. "अडकला! पुरता अडकला! अरे, माल आल्यावर ताडून बघायची सवड त्याला होती. त्यानं तीस टोपल्या वापरल्या, फळं भरून शहरात धाडल्या. उरलेला माल अठरा दिवस ठेवून घेतला आणि चकार शब्द काढला नाही. कायदा म्हणतो, असं वागला म्हणजे त्यानं माल स्वीकारला. स्वीकारलेला माल परत नाही करता येत. फार तर नुकसान मागेल, आणि त्यासाठी माल नमुन्यापेक्षा वेगळा आहे हे त्यालाच दाखवावं लागेल. आणि पहिल्या शंभराचं तू काय बोललास, ते तर लाखमोलाचं आहे!"

"म्हणजे आपण जिंकणार?" लेकीनं विचारलं.

"शंभर टक्के."

"मग आईची टोपली?"

काका चष्मा पुसायला लागले. "व्यवहार टिकला तर ती त्यांची. नमुना धरून तीनशे. मीच लिहिलंय ते."

"आणि हरलो तर?"

"हरलात तर नमुन्यासकट सगळा माल घरी. बांबूला पैसे नाहीत. मग तुझ्या बापाला दुसऱ्याच्या गोदामात पेट्या ठोकायला जावं लागेल, आणि तुला फळं निवडायला."

 मग लेक म्हणाली, "जिंकू या बाबा. एका टोपलीचं काय एवढं." हे ती जमिनीवर पडलेल्या कामटीचे बारीक बारीक तुकडे करत म्हणाली.

बाजाराच्या दिवशी चौकात, धान्यवाल्या आजींच्या दुकानापुढं, पंचायत बसली. बाजारातलं भांडण मिटवायचं काम तिसेक वर्षं ह्या आजींकडंच. त्या पोत्यावर बसूनच ऐकायच्या आणि कंटाळा आला की तराजूचा दांडा टेकायच्या. गर्दी चिकार. न्हाव्याची खुर्ची दहा पावलांवर. गिऱ्हाईक अर्ध्या साबणात सोडून तोही येऊन उभा राहिला.

अंजीरवाल्यांनी नमुना आणला, शिक्क्यासकट. मालातल्या नऊ टोपल्या आणल्या. कलमकाकांनी घसा खाकरून असं काही भाषण ठोकलं की आजींना जांभई आली.

"थोडक्यात सांगा हो."

"थोडक्यात म्हणजे, हे म्हणतात माल वेगळा आहे. असेल वेगळा तर ओळखून दाखवावा! नमुना ह्याच मालात मिसळू. डोळे बांधू. हातानं चाचपून आपला नमुना काढावा. गालावर घासून निवडला होता ना?"

गर्दीला तमाशा हवाच होता. लाखेचा ठसा हाताला लागू नये म्हणून काठांवरून सगळ्या टोपल्यांना फडकी गुंडाळली. नऊ टोपल्या मालातल्या, एक नमुना. न्हाव्याच्या टॉवेलनं अंजीरवाल्यांचे डोळे बांधले. ते बिचारे सभ्य माणूस, चारचौघांत चाचपडताना घामाघूम झाले. बुडं दाबली, कडा ओढल्या. चौथ्या टोपलीवर हात ठेवून म्हणाले, "ही असावी."

फडकं काढलं. टोपलीवाल्याची होती.

चौक हसून फुटला. "मला हातानं काय कळणार? फळाला विचारा!" असं अंजीरवाले म्हणत होते, पण कुणी ऐकेना.

आजींनी दांडा उचलला. "घेणाऱ्यालाच वेगळा कळेना, तर..."

"थांबा आजी, एक मिनिट!" टोपलीवाला पुढं आला. कित्येक दिवसांनी त्याच्या डोळ्यांत जुना खट्याळपणा चमकला होता. जिंकलेला माणूस गप्प बसला तर तो टोपलीवाला कसला? "ए न्हाव्या! आपली पण एक पैज आहे. ती आत्ताच होऊन जाऊ दे. मंडळी, हा म्हणतो, मी बायकोची टोपली हातानं ओळखीन. मी म्हणतो, नाही ओळखणार. आण तो टॉवेल, आणि चकोट करायची तयारी ठेव!"

"अरे, राहू दे," न्हावी हळूच म्हणाला. "आज नको."

"आजच!" त्यानं स्वतःच डोळे बांधले. लेकीनं टोपल्या मागंपुढं केल्या. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो त्याला दिसत नव्हता.

त्यानं मिशीला पीळ दिला, बाह्या वर केल्या आणि जादूगारासारखे हात हवेत फिरवून पहिल्या टोपलीत घातले. "ही कुणाची? आजींची!" लोक हसले. दुसरी. "ही? काकांच्या सासूबाईंची!" तिसऱ्या टोपलीत त्यानं अंगठा आतून फिरवला, बुडापासून काठापर्यंत, गोल गोल. ती कशी फिरवायची त्याची नक्कल आपण करतोय, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. हातानंच ते केलं.

काठाखाली अंगठ्यात काहीतरी खुपकन गेलं.

त्यानं हात काढला. जिथं कामटी संपते तिथलं कापलेलं टोक. केसाएवढं, डोळ्याला न दिसणारं. चौथीतही होतं. पाचवीत दोन.

सहाव्या टोपलीत अंगठा बुडापासून निघाला आणि काठापर्यंत आला. कुठंच अडला नाही. तो परत फिरवला. प्रत्येक टोक आत वळवलेलं, दुमडून विणीखाली दाबलेलं, अंगठ्यानं चेपून झोपवलेलं. पंचवीस वर्षं घरातनं बाहेर पडलेली प्रत्येक टोपली आतून अशीच होती. त्याचीही.

भुसा झटकते.

त्यानं टॉवेलखाली आपला उजवा अंगठा चिमटीत धरला. ओला लागत होता. कामटी सोलताना कोयता उजव्या हातात असतो. उजव्या अंगठ्यात सळ जाईलच कशी?

 कलमकाका त्याच्या कानाशी आले. "म्हण, कळत नाही. झालं. जिंकलास."

टोपलीवाल्याचा हात वर उठला, कानाच्या दिशेनं. लेकीनं ते बघितलं. न्हाव्यानंही बघितलं. अर्ध्यावर तो थांबला आणि खाली आला.

"ही तिची," तो म्हणाला.

फडकं काढलं. लाखेचा लाल ठिपका उन्हात चमकला.

"अरे मूर्खा!" काका ओरडले. "आजी, तरीसुद्धा! ह्यांनी माल वापरला आहे, अठरा दिवस गेलेत, कायद्यानं तो स्वीकारलाच..."

"काका, कायदा राहू द्या." त्यानं टॉवेल सोडला, पण डोळे पुसायच्या निमित्तानं तोंडाशीच धरून ठेवला. "त्यांना परत करता येत नसेल. मला परत घेता येतो की नाही?"

 ह्याच्यावर काकांना कलम आठवेना.

"तुमची फळं माझ्यानं टोचली," टोपलीवाला अंजीरवाल्यांना म्हणाला. "माल नमुन्याबरहुकूम नाही. ही सगळी टोकं दाबून दिली तर घ्याल?"

अंजीरवाले पायाकडं बघत राहिले. "बहर उरकला, दादा. आता टोपल्या घेऊन मी काय भरू?"

"बरोबर आहे."

आजींनी दांडा टेकला. "विकणारा परत घेतो म्हणतोय. व्यवहार मोडला. ज्याचा नमुना त्याला."

अंजीरवाल्यांनी नमुना स्वतःच्या हातानं उचलून लेकीच्या हातात दिला. "पेट्या ठोकायला माणूस लागणार आहे मला," ते टोपलीवाल्याला म्हणाले. "या सोमवारपासून." हे बोलताना त्यांना अवघडल्यासारखं झालं, आणि तो हो म्हणाला तेव्हा आणखीच.

लेक टोपलीत अंगठा फिरवत उभी होती. फिरवता फिरवता तिचं अंग हलायला लागलं. तो तिच्या जवळ गेला नाही. गेला असता तर दोघांचाही धीर सुटला असता. तो सरळ चालत गेला आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसला.

"काढ."

"वेडा आहेस का? पैज गेली खड्ड्यात."

"तिला बघायची होती."

न्हावी उभाच. त्यानं ब्रश उगाच दोनदा पाण्यात बुडवला. "कुठली बाजू?" त्यानं शेवटी विचारलं.

"डावी. विणायला ती डावीकडं बसायची."

तीस वर्षं वस्तरा चालवलेला हात, पण त्या दिवशी तीनदा थांबला. साबणाबरोबर अर्धी मिशी टॉवेलवर पडली. आरशात एका बाजूनं ओळखीचा माणूस दिसत होता आणि दुसऱ्या बाजूनं कुणीतरी उघडा पडलेला.

मग तो उठला. लेकीच्या हातातली टोपली घेऊन पोटाशी धरली आणि ठरल्याप्रमाणे बाजाराच्या ह्या टोकापासून त्या टोकाकडं निघाला. ज्यांना माहीत होतं ते गप्प झाले. ज्यांना माहीत नव्हतं ते पोट धरून हसले. त्या गोदामातल्या बाया तिथं होत्या, त्यातली एक म्हणाली, "अगं बाई, अर्धा झाडू!" त्यानं वळून तिला झकास सलाम ठोकला, आणि अख्खी ओळ खदखदली. लेक रडत रडत हसायला लागली.

दुसऱ्या टोकाला जुन्या भांड्यांचा दुकानदार बसला होता. त्यानं चष्म्यावरून निरखून बघितलं. "काय रे, हे काय करून घेतलंस? माल गेला, मिशी गेली. जिवाला लागलं असेल ना?"

"छे हो," टोपलीवाला म्हणाला, आणि त्याचा हात कानाला गेला.